पेश्की आणि उचल

या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल नेपाळात होतो, भक्तपूरच्या वीटभट्ट्यांवरच्या पोरांना शिकवायला. तिथं नाइके म्हणजे आपल्याकडचा मजूर पुरवणारा मुकादमच. तो आधीच पेश्की, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन ठेवतो, मग हंगामात आख्खं कुटुंब भट्टीवर. मजुरी नगावर, म्हणून ८-९ वर्षांची लेकरंसुद्धा कच्च्या विटा पालथ्या घालत बसतात. (गणपतीत गावानं शाल-नारळ देऊन माझा सत्कारही केला. परदेशात समाजसेवा म्हणे!)

आज सकाळी धारूरला आमच्याच गल्लीत ऊसतोडीला जाणारा ट्रक भरत होता. पत्र्याच्या पेट्या, कोयते, सरपण, दोन शेळ्या, वर लेकरं. शेजारच्या काकूंना म्हणलं, "पोरीला इथंच हंगामी वसतिगृहात ठेवा की."

"मंग धाकल्याला फडात कोण सांभाळील? तू येतूस का?"

गप्प बसलो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल दोघांच्या नावावर. ती फिटंस्तोवर सुटका नाही. पोरगी सहावीत आहे. दप्तर घेतलं होतं तिनं, पण ते पेटीत पार तळाशी गेलं.

'पेश्की' हा शब्द मी तिकडं नवीन म्हणून वहीत टिपून घेतला होता.

अकराला ट्रक निघाला, कर्नाटकाकडं.