काटा खाली, इंजिन उकळतं

डिसेंबर म्हणजे आमच्याकडे वेचणीचा जोर. पहाटेच बाया गाड्यांत बसून दूरदूरच्या वावरात जातात. त्या दिवसांत गाडी बंद पडली की गाडीवाल्याचं भाडं जातं, बायांचा रोज बुडतो आणि शेतकऱ्याचा कापूस झाडावरच राहतो. म्हणून त्या गाड्या मी आधी घेतो.

माझं गॅरेज वडनेरजवळ, नागपूर-हैदराबाद हायवेला लागून. दुपारी तीनच्या सुमारास ट्रॅक्टरने दोराला बांधून एक पेट्रोल व्हॅन ओढत आणली. पोरगा ओळखीचा, जवळच्याच गावचा. बोनेटच्या फटीतून कूलंटचा गोडसर वास येत होता. परतीच्या वाटेवर वाफ निघाली, बाया उतरून अडीच किलोमीटर पायी घरी गेल्या.

"काका, टेम्परेचरचा काटा तं वर जातच नाही. मंग इंजिन उकळलं कसं?"

सकाळी गाडी सुरू व्हायला जड, सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोल जास्त, आणि काटा सदा खाली. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्याने टेम्परेचर सेन्सर, तिसऱ्याने पुन्हा सेन्सर. आता कोणीतरी सांगितलं होतं की ईसीएमच, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटरच, गेलं. तो खर्च त्याच्या हंगामाच्या कमाईएवढा होता.

इंजिन थंड होऊ दिलं, कूलंट भरलं. हेड गॅसकेट शाबूत निघालं, हे त्याचं नशीब. मग ईसीएमला काय दिसतं ते दाखवणारा स्कॅनर लावून गाडी सुरू ठेवली. काही वेळाने थर्मोस्टॅट बसतो त्या भागावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, तर १०४ अंश. स्कॅनरवर आकडा ३१. पंखा गप्प. लगेच इंजिन बंद केलं. ईसीएमला इंजिन थंडच वाटत होतं, म्हणून ते पेट्रोल जास्त सोडत होतं आणि पंखा लावत नव्हतं. त्याच्याकडून ते बरोबरच वागत होतं, त्याला मिळणारी बातमी खोटी होती.

पोराने काढलेले दोन्ही जुने सेन्सर डब्यात जपून ठेवले होते. बाजूच्या चहाच्या टपरीवर उकळत्या पाण्याची किटली होती. सेन्सर आधी तसाच मीटरवर धरला, दोन हजार ओहमच्या आसपास. मग टोक उकळत्या पाण्यात बुडवलं, तर आकडा घसरत दोनशेच्या खाली आला. दुसराही तसाच. हा सेन्सर गरम होतो तसा त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो, त्याची चाल अशीच असते. दोन्ही चांगले होते. चहावाल्याने विचारलं, "मंग बदलवले काहून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणजे बिघाड वायरिंगमध्ये. इथे माझ्या मते बहुतेक जण चुकतात. वायर पूर्ण तुटली तर स्कॅनर उणे ४० दाखवतो, शॉर्ट झाली तर आकडा वरच्या टोकाला जातो, आणि दोन्ही वेळा बिघाडाचा कोड येतो, डॅशबोर्डवरची लाईट पेटते. पण वायर अर्धवट खराब असली की ती सेन्सरच्या रेझिस्टन्समध्ये आपला रेझिस्टन्स मिसळते. आकडा खोटा पण शक्य कोटीतला. लाईट पेटत नाही, कोड येत नाही. मग माणूस सुटे भाग बदलत बसतो.

सेन्सरला वायरी जोडणारा कपलर काढला. स्कॅनरवर उणे ४०, ठीक. कपलरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या. आकडा १३०च्या वर जायला हवा होता, तो ३६वर थांबला. मग तार सिग्नलच्या पिनेवर ठेवून दुसरं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, आणि आकडा सरळ वर गेला. ईसीएम ठीक, सिग्नलची वायर ठीक. राहिली अर्थिंगची वायर. खात्रीसाठी पिना पुन्हा जोडल्या आणि अर्थिंगची पिन ते बॅटरी निगेटिव्ह मीटर धरला. जिथे जवळपास शून्य हवं, तिथे १.९ व्होल्ट.

"ईसीएमले हात लावायची गरज नाही," मी म्हणालो. पोरगा खाली बसला, टायरला टेकून.

वायरिंगची जुडी उघडत गेलो. इंजिनाच्या मागच्या बाजूला, चिखल उडतो तिथे, काळ्या टेपचा एक पट्टा होता, आणि तो उलट्या दिशेने गुंडाळलेला. मी डावखुरा आहे. माझ्या हाताची टेप अशीच बसते.

तेव्हा आठवलं. दोन वर्षांपूर्वी हीच गाडी पंख्याच्या तक्रारीसाठी आली होती. वायर शोधताना मी टेस्ट लॅम्पची सुई चार वायरींत टोचली होती आणि वरून टेप मारून मोकळा झालो होतो. सुईचं भोक दिसतही नाही. पण काळ्या मातीचा चिखल धुवायला गाडीवर पाण्याचा मारा होतो, ते पाणी टेपखाली शिरून राहतं. प्लास्टिक सोललं तर आत तांबं नव्हतं, हिरवी भुकटी होती. एकदोन तंतू कसेबसे टिकलेले.

पोराला जवळ बोलावलं, टेप दाखवली, भोक दाखवलं. "हे मी केलं आहे," म्हणालो. सेन्सरचे, थर्मोस्टॅटचे पैसे मी देतो, असंही सांगितलं. तो काही वेळ त्या वायरीकडे पाहत राहिला.

"उद्या सहाले निघता येईन ना, काका? बाया थांबून राह्यतीन."

सडका भाग कापला. पुढेमागे तांबं लख्ख दिसेपर्यंत वायर सोलत गेलो, नवा तुकडा सोल्डर केला, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह गरम करून बसवली. अंधार पडला होता. उरलेल्या तीन वायरी त्याच जागी उघडल्या. दोन स्वच्छ होत्या. तिसरीत हिरवं लागायला सुरुवात झाली होती, तीही कापून बदलली.

पहाटे साडेपाचला दार उघडलं. चांगली थंडी होती. चावी फिरवली, स्कॅनरवर १४, बाहेरही तेवढंच. गाडी पहिल्या झटक्यात लागली, धूर नाही. काटा हळूहळू मधोमध आला आणि थांबला. आम्ही दोघं बोनेटपाशी उभे राहिलो. आकडा नव्वदीच्या पुढे गेला तसा पंखा फिरू लागला, थोड्या वेळाने बंद झाला, पुन्हा लागला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा पोराने बोनेट खाली घेतलं आणि बायांना आणायला गेला.