पेडल खांद्यावर, कॅब टॅक्सीत: धोबी तलावची एक फेरी

फेब्रुवारीत एका कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवत होतो. माझा सगळा संसार एचएक्स स्टॉम्प नावाच्या एका पेडलमध्ये, म्हणजे मॉडेलरमध्ये: अॅम्प, कॅब (गिटारच्या स्पीकरचा खोका), डिले, सगळ्याची डिजिटल नक्कल. त्यातून वायर थेट मिक्सरला. बाहेर आवाज छान होता म्हणे. मला मात्र पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमधून कीबोर्ड आणि निवेदिकेचा माइक एवढंच ऐकू येत होतं. सोलो बोटांच्या आठवणीवर वाजवला. घरी येताना ठरवलं, आता आपल्या पाठीशी आपला स्वतःचा स्पीकर हवा.

कोणता, हे ठरेना. मग एका शनिवारी मी आणि आमचा बेसवाला सकाळी ७:१५ची डेक्कन क्वीन धरून मुंबईला निघालो. गिटार आणि स्टॉम्प सोबत घेतले, आणि ही फेरी फळली ती त्यामुळेच. दुकानातल्या गिटारवर, दुकानातल्या पेडलवर ऐकलेला आवाज घरी आल्यावर काही कामाचा नसतो. आदल्या दिवशी फोन करून ‘ऐकायला काय काय लावून ठेवाल’ हेही विचारून घ्या.

गाडीत कटलेट खाता खाता बेसवाल्याला समजावत होतो (म्हणजे खरं तर स्वतःलाच). मॉडेलरपुढे दोन वाटा. एक, एफआरएफआर: सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच वाजवणारा, आत अॅम्प असलेला स्पीकर. पीएच्या, म्हणजे कार्यक्रमात लोकांसाठी लावतात त्या बॉक्सचाच भाऊ. यात मॉडेलरमधली कॅब, म्हणजे आयआर (माइक लावलेल्या कॅबची डिजिटल नक्कल), चालू ठेवायची. ऐकू येतो तो माइक लावून रेकॉर्ड केल्यासारखा गिटार. दुसरी वाट, साधा पॉवर अॅम्प (सिग्नलला स्पीकर हलवण्याइतका जोर देणारा) आणि खरी गिटार कॅब. यात आतली कॅब बंद करायची, कारण खरी कॅब समोरच आहे. ऐकू येतो तो खोलीत अॅम्प वाजल्यासारखा आवाज, पण मग स्पीकर एकच. पॅचमध्ये (मॉडेलरमध्ये साठवलेल्या सेटिंगमध्ये) कितीही कॅब बदला, तिथे फरक पडायचा नाही.

सीएसएमटीला उतरून मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालत दहा-पंधरा मिनिटांत धोबी तलाव. वाद्यांचं जुनं ठिकाण. फुर्टाडोज इथलंच, १८६५ सालापासूनचं. आधी कयानीत चहा आणि ब्रून मस्का उरकला. उपाशी पोटी कानांना सगळंच कर्कश वाटतं, असं माझं मत आहे.

दुकानात आम्हाला भेटले ते साठीचे एक अंकल. १२ इंची गिटार कॅब, तिच्यावर शर्टाच्या खोक्याएवढा पॉवर अॅम्प, शेजारी १२ इंचाचा अॅक्टिव्ह स्पीकर, म्हणजे एफआरएफआर. मी आधी कॅबला लावलं, नेहमीचा क्रंच (हलका खरखरीत) पॅच काढला आणि पहिला कॉर्ड मारला. आवाज गोधडीखालून आल्यासारखा. दाबलेला, बसलेला, वरचं काहीच नाही. मी ट्रेबल वाढवला, प्रेझेन्स वाढवला. गोधडी तशीच, फक्त आता टोचायला लागली. अंकल लांबून बघत होते. म्हणाले, ‘‘बेटा, अंदरवाला कॅब बंद किया क्या?’’ नव्हता केला. अख्ख्या प्रवासात ज्यावर प्रवचन दिलं, तेच विसरलो होतो. बेसवाला अजून चिडवतो.

गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो. आयआरमध्ये तीच घसरण आधीच भरलेली असते. दोन्ही एकावर एक चढले की गोधडी होते. आतल्या कॅबचा ब्लॉक बंद केला आणि तोच पॅच ताडकन उभा राहिला. पिक तारेला लागल्याचा तो ‘टक्’ पोटऱ्यांना जाणवला. एवढ्यासाठी तिकीट वसूल.

मग एफआरएफआर, आतली कॅब चालू करून. आवाज स्वच्छ, पण वर एक सुईसारखी किरकिर. अंकलनी हाय कट (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) ७ किलोहर्ट्झवर आणायला सांगितलं, तेव्हा बराच माणसात आला. अकुस्टिकचा पॅच मात्र इथेच शोभला. गिटार कॅबवर तो खोक्यात कोंडल्यासारखा येतो. कव्हर बँडमध्ये एका गाण्याला क्लीन, दुसऱ्याला मेटल, तिसऱ्याला अकुस्टिक वाजवणाऱ्याने निमूट एफआरएफआर घ्यावा. मी रात्रभर एकाच जातीचा क्रंच वाजवतो, म्हणून कॅबकडे वळलो. हा निव्वळ आवडीचा निवाडा.

ऐकताना आवाज मोठा ठेवा. दुकानदाराला कसंनुसं होईल, होऊ दे. हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, म्हणून घरी रात्री बनवलेल्या पॅचमध्ये आपण बास चढवून ठेवलेला असतो. स्टेजच्या आवाजाला तोच चिखल होतो. माझ्या चारपैकी तीन पॅचचा बास तिथेच उतरवावा लागला.

आता वॉटचं. पॉवरस्टेज १७० या छोट्या पॉवर अॅम्पचंच उदाहरण घ्या. नावातले १७० वॉट ४ ओमवर (ओम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध). ८ ओमच्या कॅबवर साधारण निम्मे, १६ ओमवर त्याच्याही निम्मे. मागे एकदा सरावाला मी असाच छोटा अॅम्प उसन्या १६ ओमच्या फोर बाय ट्वेल्व्हला (१२ इंची चार स्पीकरांच्या कॅबला) लावला होता, आणि ड्रम्समध्ये गायब झालो होतो. तेव्हा शिव्या अॅम्पला घातल्या, चूक माझ्या गणिताची होती. दोन ८ ओमच्या कॅब समांतर जोडल्या की ४ ओम होतात. अॅम्पवर लिहिलेल्या किमान ओमच्या खाली जाऊ नका. हे सॉलिड स्टेटचं. ट्यूबचा पॉवर अॅम्प घेत असाल तर ओम तंतोतंत जुळवा आणि कॅब जोडल्याशिवाय तो कधीही चालू करू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जातो.

वॉटइतकंच महत्त्व स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये तो किती मोठा वाजतो त्याला. सेलेस्टियन व्हिंटेज ३० हा १०० डेसिबलचा. ९७ डेसिबलच्या स्पीकरमधून तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॉट लागतात. मी व्हिंटेज ३०चीच वन बाय ट्वेल्व्ह घेतली, पाठीमागून बंद, ८ ओम. स्पीकर ६० वॉटचा आणि अॅम्प त्याहून थोडा वरचढ, पण सरावात नॉब निम्म्यावरही जात नाही. बेसवाल्याला ती उसनी देणार नाही, हे मात्र आताच सांगून ठेवतो. बासच्या खालच्या सुरांनी गिटारचा स्पीकर फाटतो.

पैसे वाचवायचे असतील तर आधी घरातला जुना कॉम्बो (अॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) पालथा घालून बघा. मागे ‘रिटर्न’ लिहिलेलं भोक असेल तर मॉडेलर त्यात लावा. अॅम्पचा प्रीअॅम्प (आवाज घडवणारा पुढचा भाग) वगळला जातो आणि पॉवर अॅम्प व स्पीकर फुकटात मिळतात. मला हे आधी सुचलं असतं तर ही फेरी झालीच नसती, कारण माझा कॉम्बो मी दिवाळीत विकून बसलो होतो. अमेरिकेतून कुणी भाऊ-बहीण पॉवर अॅम्प आणणार असेल, तर २३० व्होल्टवर चालतो का ते आधी विचारा.

कॅब दुकानातच ठेवून मरीन लाइन्सला लोकल धरली, दुसरं स्टेशन ग्रँट रोड. पूर्वेला उतरलं की लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर लोक विचारात पडतात. रविवारी जाऊ नका. इथे काम एकच, स्पीकरची केबल. गिटारची केबल आणि स्पीकरची केबल, जॅक सारखाच, म्हणून फसायला होतं. गिटारच्या केबलमधली तार बारीक, भोवती जाळी. तिच्यातून पॉवर अॅम्पचा करंट सोडला की ती तापते. आम्ही दोन पदरी जाड तार मीटरभर घेतली आणि दोन जॅक समोर बसून डाग देऊन घेतले. कारागिराने मीटर लावून दोन्ही टोकं तपासून दाखवली. तुम्हीही तपासून घ्या.

परत धोबी तलाव. कॅब न्यायला कॅब केली. काळी-पिवळीवाल्याने डिकी उघडताना ‘‘टीव्ही है क्या?’’ विचारलं, आम्ही हो म्हणालो. ५:१०च्या डेक्कन क्वीनमध्ये कॅब सीटखाली जाईना, रॅकवर चढवायची छाती नव्हती, म्हणून पायाशी उभी केली आणि कर्जतपर्यंत पाय तिच्यावरच. वन बाय ट्वेल्व्हपेक्षा मोठं काही घेणार असाल तर गाडीने या.

घरी आल्यावर स्टॉम्पमध्ये एकच बदल केला. कॅब ब्लॉकच्या आधी सेंड (सिग्नल मध्येच बाहेर काढणारा फाटा) ठेवला: तिथून सिग्नल पॉवर अॅम्पला, आणि मुख्य आउटपुटमधून कॅबसकट मिक्सरला. लोकांना माइकचा आवाज, मला माझा. आता साउंडवाल्याने मॉनिटरमध्ये काहीही सोडावं.

कॅब जमिनीवर ठेवू नका. ट्रेबल सरळ रेषेत जातो. आपल्या गुडघ्यांना ऐकू येतो, पुढच्या रांगेच्या डोळ्यांत घुसतो आणि आपण वर नॉब फिरवत बसतो. कानाच्या दिशेने तिरकी करा, नाहीतर उंचावर ठेवा. आमची सध्या दुधाच्या क्रेटवर उभी आहे. डेअरीवाल्याने क्रेट दोनदा परत मागितलाय.