सॅमचं झाड

"मावशी, पिक्चरमध्ये त्यांचं गाव तसंच कसं गं राहिलं?"

भाचीनं आज 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीचा तिसरा भाग वाचून संपवला. तिन्ही चित्रपट आम्ही दिवाळीच्या सुट्टीत पाहिले होते.

पुस्तकात चौघे हॉबिट, म्हणजे बुटकी माणसं, युद्ध जिंकून घरी परततात, तर त्यांच्या गावाची, शायरची पार रया गेलेली. घरं पाडलेली, झाडं तोडलेली. गावातल्या बिल्बो या म्हाताऱ्या हॉबिटच्या वाढदिवसाला ज्याच्याखाली मेजवानी झाली, तेही झाड आडवं. ते बघून चौघांतल्या सॅमला रडू फुटतं. मोर्डॉरमधून, शत्रूच्या भयाण मुलखातून जाऊन आलेला सॅम, एका झाडापाशी रडतो! मग एल्फ जमातीच्या गॅलाड्रिएलनं प्रवासात दिलेलं रुपेरी बी तो तिथेच लावतो.

२००३च्या चित्रपटात हे काहीच नाही. गाव हिरवंगार.

"आधीच तीन तासांच्या वर गेलाय पिक्चर, अजून किती दाखवणार?" मी म्हटलं.

"पण सॅम रडला, तेच तर खरं होतं ना."

मला उत्तर सुचलं नाही. मिनास तिरिथ हे भव्य पांढरं शहर पडद्यावर पाहताना माझ्या अंगावर काटा आला होता, अजूनही येतो. भव्य ते सगळं आलं. जिंकून परतल्यावरचं दुःख तेवढं कात्रीत गेलं.

तुमच्या आवडत्या पुस्तकातलं कुठलं पान असं पडद्यावर आलंच नाही?