जोडतारे डेटाबेस: गायब ओळींचा छडा लागला

लागला एकदाचा छडा! मागच्या नोंदीतलं कोडं आठवत असेल: जोडताऱ्यांच्या माझ्या मायएसक्यूएल डेटाबेसवर क्वेरी टर्मिनलवर चालवली की सगळे तारे हजर, पण तीच 'इन्टू आउटफाइल' या फाइलमध्ये लिहिण्याच्या आज्ञेने टेक्स्ट फाइलमध्ये काढून स्प्रेडशीटमध्ये उघडली की मधलेच काही तारे नाहीसे. 'सिक्युअर फाइल प्रिव्ह'चं (सर्व्हरने फाइल कुठे लिहायची ते ठरवणाऱ्या सेटिंगचं) प्रकरण तेव्हाच मिटलं होतं. फाइल सर्व्हरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये नीट उतरत होती, त्यामुळे परवानग्यांवर संशय घ्यायला जागाच नव्हती.

आधी ओळी मोजल्या. 'डब्ल्यूसी' या फाइलच्या ओळी मोजणाऱ्या आज्ञेचा आकडा डेटाबेसमधल्या नोंदींच्या काउंटपेक्षा चक्क जास्त! तारे कमी दिसतात आणि फाइलमध्ये ओळी मात्र जास्त. त्याचं कारण वेगळंच निघालं. शेऱ्याच्या रकान्यात मी एंटर मारत लिहितो, आणि अवतरणचिन्हांच्या आतला एंटर फाइलमध्ये जसाच्या तसा उतरतो. सीएसव्हीच्या (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणाऱ्या फाइलच्या) नियमात ते बसतं, त्यामुळे नुसत्या ओळी मोजून इथे काहीच हाती लागत नाही.

मग गायब ताऱ्याच्या लगेच वरची नोंद प्रत्येक ठिकाणी उघडून पाहिली आणि धागा मिळाला. आल्बिरिओ या जोडताऱ्याची ओळ फाइलमध्ये अशी संपत होती:

"सोनेरी-निळी जोडी, अंतर ३५\""

आणि वसिष्ठाची अशी:

"अंतर १४\" लहान दुर्बिणीतही सुटते"

वसिष्ठाच्या खालचा तारा जागेवर, आल्बिरिओच्या खालचा गायब. आर्कसेकंदाचं (आकाशातलं कोनीय अंतर मोजायच्या एककाचं) चिन्ह म्हणून अवतरण दोन्हीकडे आहे, पण आल्बिरिओच्या शेऱ्यात ते अगदी शेवटी आहे. मायएसक्यूएल मजकुरातल्या अवतरणाआधी बॅकस्लॅश लावतो. स्प्रेडशीटला बॅकस्लॅशशी काही देणंघेणं नाही. तिथे लागोपाठ दोन अवतरणं म्हणजे मजकुरातलं एक अवतरण. त्यामुळे ३५ पुढची दोन चिन्हं मिळून एक धरली गेली, रकाना बंद झालाच नाही, आणि खालच्या ताऱ्याचं नाव येईपर्यंतचा सगळा ऐवज आल्बिरिओच्या शेऱ्यात जाऊन बसला. तो रकाना उंच करून पाहिला तर हरवलेला तारा आत सापडला. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

उपाय सोपा वाटला: अवतरणाआधी कोणतं चिन्ह लावायचं ते सांगणाऱ्या 'एस्केप्ड बाय'मध्ये बॅकस्लॅशऐवजी अवतरणचिन्हच द्यायचं, म्हणजे मजकुरातलं प्रत्येक अवतरण दुप्पट होतं. आल्बिरिओ सुधारला, त्याच्या खालचा तारा परत आला, आणि भलतीकडचेच दुसरे तारे गायब झाले. आता खोट नलमध्ये, म्हणजे 'इथे माहिती नाही' या डेटाबेसच्या खुणेत होती. जिथे जोडीदार ताऱ्याची दृश्यप्रत (दिसणारी तेजस्विता) मोजलेली नाही तिथे मी नल ठेवतो. नल लिहिताना मायएसक्यूएल 'एस्केप्ड बाय'मधलं चिन्ह आणि त्याला जोडून कॅपिटल एन लिहितो. एरवी तो बॅकस्लॅश-कॅपिटल एन असतो. इथे झाला अवतरण-एन. म्हणजे उघडलेलं आणि कधीच न मिटलेलं अवतरण! नल येऊ शकेल अशा प्रत्येक रकान्याला 'इफनल' हे फंक्शन लावून त्या जागी रिकामा मजकूर दिला, तेव्हा कुठे फाइल शहाण्यासारखी उघडली.

देवनागरीचं मात्र एका झटक्यात जमलं. निर्यातीत कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ दिला आणि फाइलच्या तोंडाशी, ही फाइल यूटीएफ-८ आहे असं स्प्रेडशीटला सांगणारे ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट चिकटवले. त्याआधी प्रत्येक अक्षराच्या जागी टोपीवाल्या लॅटिन अक्षरांची रांग दिसायची, कारण आपली अक्षरं ई०-ए४ किंवा ई०-ए५ या बाइटांनी सुरू होतात आणि स्प्रेडशीट त्यांना पाश्चात्त्य अक्षरं समजतं. आता 'स्वरमंडळ' पहिल्या फटक्यात स्वच्छ दिसतं.

इथवर लिहून झाल्यावर वाटलं, इतके इफनल सांभाळायचे कशाला? नवा रकाना आला की पुन्हा आठवण ठेवायची. म्हणून हीच क्वेरी कमांड लाइनच्या क्लायंटला 'बॅच' पर्यायाने दिली आणि आउटपुट फाइलकडे वळवलं. टॅबने वेगळे केलेले रकाने, शीर्षकाची ओळ फुकटात (शीर्षक 'युनियन'ने क्वेरीला जोडायचा मागचा खटाटोप संपला), फाइल सर्व्हरवर न जाता माझ्याच फोल्डरमध्ये. शेऱ्यातला एंटर बॅकस्लॅश आणि छोटा एन होऊन येतो, त्यामुळे एक तारा म्हणजे एकच ओळ. डब्ल्यूसी आता काउंटपेक्षा बरोबर एकाने जास्त, तो एक शीर्षकाचा. नलच्या जागी नल हा शब्दच येतो, तो शोधून पुसता येतो. आयात करताना अवतरणाचं चिन्ह 'काही नाही' ठेवायचं, एवढंच. इन्टू आउटफाइल मी आता फक्त मायएसक्यूएलमधून मायएसक्यूएलमध्ये न्यायच्या डेटासाठीच वापरेन.

तरी माझं मत विचाराल तर या कामात पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचा 'कॉपी' सगळ्यांत नेटका. सीएसव्ही म्हटलं की अवतरणं आपोआप दुप्पट, नल म्हणजे मोकळी जागा आणि रिकामा मजकूर म्हणजे मिटलेली दोन अवतरणं, त्यामुळे दोन्हींतला फरकही टिकतो. उलटतिरपा बॅकस्लॅश लावून 'कॉपी' म्हटलं तर फाइल आपल्याच मशीनवर येते. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचा सीएसव्ही मोडही अवतरणं दुप्पट करतो, आणि छोट्या संग्रहाला तो पुरेसा आहे.

पुढचं काम मुळावरच आहे. अंतर शेऱ्यातून काढून स्वतंत्र दशांश रकान्यात नेणार, म्हणजे एप्सिलॉन लायरीसारख्या जेमतेम सव्वादोन-अडीच आर्कसेकंदांच्या जोड्या क्वेरीतच गाळून घेता येतील. शेऱ्यात उरलेल्या अवतरणांच्या जागी 'रिप्लेस'ने खरं दुहेरी प्राइम चिन्ह (″) टाकणार. मात्र शेऱ्यात दुर्बिणीच्या इंचांनाही तेच अवतरण वापरलं आहे, तेव्हा आधी अशा सगळ्या नोंदी वेगळ्या काढून टेबलाच्या प्रतीवर चालवून पाहतो.