साडेबारा हजारांचं कार्ड आणि उद्यमनगरातला हिशेब

आमचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही ते मशीनिंग करून पुढं देतो. कामाचं नवरा आणि दीर बघतात, पैशाचं माझ्याकडं. लेक शिकायला जर्मनीला गेली, नवऱ्याच्या पुणे-बेंगळुरू-दिल्ली फेऱ्या वाढल्या आणि त्याच सुमारास आमच्या जुन्या ‘प्रीमियम’ कार्डाची वार्षिक फी बिलात येऊन बसली. ती भरायची का दुसरं कार्ड बघायचं, हा प्रश्न होता. दीर म्हणाले, “वहिनी, घ्यायचंच तर नाद खुळा घ्या. मेटलचं. टेबलावर टाकलं की टण्ण वाजलं पाहिजे.”

यूट्यूबवर बघायला बसलं की जो तो टक्केवारी सांगतो. या कार्डावर साडेतीन टक्के, त्या कार्डावर दहापट पॉइंट. मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी आमच्या घराचे आणि शॉपचे वर्षभराचे खातेउतारे प्रिंट काढले आणि हायलायटर घेऊन बसले. कार्डावर टाकता येईल तो खर्च पिवळा. कार्डावर पडेल पण पॉइंट मिळणार नाहीत तो गुलाबी. बाकीचा तसाच पांढरा.

पहिली दहा पानं जवळजवळ पांढरीच राहिली. कास्टिंग, धातूचे बार, जॉबवर्क हे सगळं आरटीजीएस नाहीतर चेकनं जातं. शिरोलीचा पुरवठादार साठ दिवसांची उधारी देतो, त्याला कार्डाच्या पन्नास दिवसांच्या बिनव्याजी मुदतीचं काय कौतुक? इन्सर्ट, ड्रिल, कूलंट घेतो त्या दुकानात कार्डाचं मशीन आहे, पण कार्ड काढलं की बिलावर दोन टक्के चढतात. गुजरीत तेच. पाटल्या मोडून नव्या करायच्या होत्या तेव्हा आमच्या नेहमीच्या सराफांनी आधीच सांगितलं, “वहिनी, कार्ड चालंल, पण दोन टक्के वर लागतील. त्यापेक्षा चेक द्या.” दोन टक्के देऊन दीड टक्क्याचे पॉइंट घ्यायचे, हा व्यवहार कुठल्या वहीत बसतो मला माहीत नाही.

गुलाबी रंग जास्त खटकला. डिझेलवर बहुतेक कार्डांत पॉइंट नाहीत, फार तर एक टक्का सरचार्ज माफ. वॉलेटमध्ये पैसे भरणं, घरभाडं, सरकारी भरणा यांनाही कित्येक बँकांनी पॉइंटमधून वगळलंय. शॉपचं वीजबिल कार्डावर भरावं म्हटलं, तर काही बँका महिन्याला ५०,००० रुपयांच्या वरच्या बिलभरण्यावर एक टक्का शुल्क लावतात, आणि आमचं बिल त्याच्या वरचंच. विम्याच्या हप्त्याला पॉइंट असतात, पण महिन्याची मर्यादा ठरलेली.

हे सगळं ठरतं ते दुकानाच्या पाटीवरून नाही, तर मर्चंट कॅटेगरी कोडवरून. प्रत्येक स्वाइप मशीनला चार आकडी कोड दिलेला असतो. वीज-पाणी ४९००, पेट्रोल पंप ५५४१, सराफ ५९४४, विमा ६३००. बँक फक्त तो कोड बघते. त्यामुळं एखादा दुकानदार भलत्याच कोडवर नोंदलेला असला की पॉइंट येत नाहीत, आणि का आले नाहीत ते दुकानदारालाही सांगता येत नाही.

भाजी, दूध, मटण, लक्ष्मीपुरीतलं धान्य, हे सगळं क्यूआर कोडवर. तिथं व्हिसा, मास्टरकार्ड, डायनर्स यांचा उपयोग शून्य. यूपीआयला जोडता येतं ते रुपे क्रेडिट कार्डच, तेही दुकानदाराला पैसे देण्यापुरतं. आपल्याकडं रोजचा पैसा जातो कुठं, हे बघितलं तर प्रीमियम कार्डाच्या माहितीपुस्तिकेत त्यातलं काहीच दिसत नाही.

पिवळं काय उरलं? विमान तिकिटं, हॉटेल, दवाखाना, ऑनलाइन खरेदी, कपडे, विम्याचे हप्ते आणि लेकीचा परदेशातला खर्च. एकूण उलाढालीच्या चौथाईहूनही कमी. कार्डांची तुलना करायची ती एवढ्याच पैशावर.

मग पॉइंटची किंमत. ‘रिवॉर्ड पॉइंट’ हा रुपया नव्हे, आणि एकाच पॉइंटला दोन-तीन भाव असतात. मी बघितलं तेव्हा एचडीएफसी बँकेच्या रेगालिया गोल्ड कार्डावर दर १५० रुपयांना ४ पॉइंट होते. लाख रुपये खर्च केले की साधारण २,६६७ पॉइंट. ते बँकेच्या पोर्टलवरून विमान तिकिटाला वापरले तर पॉइंटला ५० पैसे, म्हणजे १,३३३ रुपये. तेच बिलात वळते करून घेतले तर पॉइंटला २० पैसे, म्हणजे ५३३ रुपये. त्याच बँकेच्या इन्फिनियावर (दिरांना हवं ते मेटलचं) १५० रुपयांना ५ पॉइंट, तिकिटाला पॉइंटमागं पूर्ण रुपया, बिलात वळवले तर ३० पैसे. लाखाला एकीकडं ३,३३३ रुपये, दुसरीकडं १,०००. जाहिरातीतले ते ‘साडेतीन’ टक्के (नेमके ३.३३) इथून येतात. खरे आहेत, पण विमानानं जाणाऱ्याचे. वर्षातनं एकदा महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जाणाऱ्यानं ते आकडे आपल्यासाठी धरू नयेत.

आणि फी, मी बघितली तेव्हाची. इन्फिनियाची १२,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १४,७५०. रेगालिया गोल्डची २,५००, करासकट २,९५०, आणि वर्षात चार लाख खर्च झाला तर माफ. इन्फिनिया बँक स्वतः बोलावून देते, म्हणजे आपण मागून मिळेलच असं नाही. फीच्या बदल्यात तेवढेच पॉइंट परत देतात, त्यामुळं भरपूर उडणाऱ्या माणसाला ते महाग नाही. आमच्या पिवळ्या पैशावर दोन्हींचा हिशेब मांडला तर मोठ्या कार्डाचा जो फायदा दिसत होता, तो मिळवायला नवऱ्याला आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त उडावं लागलं असतं. धंदा सोडून पॉइंटसाठी दिल्लीला कोण जाणार?

शिवाय आजचा भाव उद्या राहील याची कुणाचीच हमी नसते. अॅक्सिसच्या मॅग्नस कार्डाचं उदाहरण कार्डवाल्यांच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे. १ सप्टेंबर २०२३ पासून त्याची फी १०,००० ची १२,५०० झाली, महिन्याला लाखभर खर्चावर मिळणारे २५,००० जादा पॉइंट बंद झाले आणि विमान कंपन्यांच्या योजनेत वळवले की ५ पॉइंटचे ४ व्हायचे ते २ व्हायला लागले. वर्षभर साठवून ठेवलेल्यांचे पॉइंट निम्म्यावर आले. म्हणून मी ठरवलं, पॉइंट साठवायचे नाहीत, आले की वापरायचे.

सवलतींच्या यादीत गोल्फचे मोफत धडे होते. आमच्या घरात हातात शेवटची काठी धरली ती विटीदांडूची, तेव्हा ती ओळ खोडली. सिनेमाची तिकिटं चांगली वाटली. एसबीआय कार्डच्या एलिटवर महिन्याला दोन तिकिटं, प्रत्येकी २५० रुपयांपर्यंत, फी ४,९९९. पण आम्ही जातो त्या खेळाचं तिकीट त्याहून स्वस्त असतं, आणि महिन्याला सिनेमा बघण्याएवढी सवड त्या दोघा भावांना कधी मिळणार?

विमानतळावरच्या लाउंजची गोष्ट मात्र वेगळी. पुण्या-मुंबईच्या माणसाला लाउंज म्हणजे चैन. कोल्हापूरकराला ती गरज आहे. उजळाईवाडीहून सगळीकडं विमान मिळत नाही. पुण्याहून पहाटेचं विमान धरायचं तर हायवेचं काम, खंबाटकीतली गर्दी हे सगळं धरून रात्रीच निघावं लागतं, आणि रस्ता मोकळा मिळाला की तीन-चार तास आधी पोचून ताटकळायचं. तिथं गरम पोहे, चहा आणि पाठ टेकायला खुर्ची मिळाली तर ती खरी सवलत. पण आता बऱ्याच बँकांनी त्याला आदल्या तिमाहीतल्या खर्चाची अट जोडली आहे. आयसीआयसीआयनं कितीतरी कार्डांवर एप्रिल २०२४ पासून तिमाहीला ३५,००० ची अट घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती ७५,००० केली. दुसरी मेख अॅड-ऑन कार्डाची, म्हणजे मूळ कार्डाला जोडून घरच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डाची. बायकोचं मूळ कार्ड आणि नवऱ्याचं अॅड-ऑन असेल, तर कधी त्याला लाउंज चालतं, कधी नाही. प्रवास नवराच करणार असल्यानं आमच्यासाठी हा कळीचा प्रश्न होता.

फोनवरून बुकिंग वगैरे करून देणारी कॉन्सिअर्ज नावाची सेवा जुन्या कार्डावर होती. पुण्याहून गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून एकदा फोन लावला. रविवारी पन्हाळ्यावर बारा जणांचं जेवण, पिठलं-भाकरी, खर्डा, दही. पलीकडच्या मुलीनं अगदी नम्रपणे विचारलं, “मॅडम, पन्हाळा कुठल्या शहरात येतं?” संध्याकाळी ईमेल आला, त्यात गोव्यातल्या पंचतारांकित हॉटेलांची नावं. जेवणाची सोय शेवटी दिरांच्या एका मित्रानं वाघबीळजवळ केली.

परदेशी खर्चाचा हिशेब सगळ्यात सरळ निघाला. साध्या कार्डांवर परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँक वर लावते ते शुल्क, साडेतीन टक्के, त्यावर जीएसटी धरून ४.१३. चांगल्या कार्डांवर दोन टक्के, करासकट २.३६. लाखामागं १,७७० रुपयांचा फरक, पॉइंट मिळोत न मिळोत. लेकीचं लॅपटॉप, तिकीट, हॉस्टेलचं डिपॉझिट बघता आमच्यासाठी हा आकडा लाउंजपेक्षा मोठा होता.

राहिली ग्राहकसेवा. ती कार्ड घेतल्यावर कळते असं सगळे म्हणतात. मला ती आधीच बघायची होती. निवडलेल्या बँकांना एकच ईमेल पाठवला: वीज, विमा आणि विद्यापीठाची फी यावर पॉइंट किती आणि मर्यादा काय; लाउंजसाठी कुठल्या तिमाहीचा खर्च धरता आणि अॅड-ऑनला चालतं का; मार्कअप करासकट किती. एकीकडून दुसऱ्या दिवशी प्रश्नागणिक उत्तर आलं, खाली नियमांच्या पानाचा क्रमांकसुद्धा. एकीकडून ‘आपला प्रतिसाद आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढंच. तिसरीनं उत्तर न देता विक्रीच्या माणसाला माझा नंबर दिला, आणि तो दुपारी जेवायच्या वेळेलाच फोन करायचा.

रात्री साडेनऊनंतर हेल्पलाइनला फोन लावूनही बघितला. कार्ड हरवलं तर माणसापर्यंत पोचायला किती बटणं दाबावी लागतात, एवढंच बघायचं होतं. हे उगाच नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणं, आपली चूक नसताना तिसऱ्याच कुणी फसवणूक केली आणि आपण तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर आपल्यावर काहीच भार येत नाही. उशीर होईल तसा भार वाढतो. त्यामुळं गाणं ऐकत लटकवून ठेवणारी हेल्पलाइन महागात पडू शकते.

राजारामपुरीतल्या एका शाखेतही जाऊन आले. तिथला मुलगा चांगला होता, पण कार्डाचं काहीही विचारलं की “मॅडम, तो डिपार्टमेंट वेगळा.” एफडी केली तर वरचं कार्ड मिळवून देतो, हे मात्र त्याला ठाऊक होतं.

शेवटी घेतलं ते मधल्या फीचं, दोन टक्के मार्कअपवालं आणि अॅड-ऑनलाही लाउंज चालतं असं लेखी उत्तर देणाऱ्या बँकेचं. सोबत क्यूआरसाठी एक बिनफीचं रुपे.

जुनं कार्ड बंद करताना खरी करमणूक झाली. फोन केला की आधी फी अर्धी, मग माफ, मग वर व्हाउचर. “बंदच करायचंय” म्हटलं की “वरिष्ठांचा फोन येईल.” तो यायचा नाही. कुणी म्हणालं, सहीचा अर्ज पोस्टानं पाठवा. तेव्हा मी ईमेलवर उतरले. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत: थकबाकी नसेल तर विनंतीपासून सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर पुढं रोजचे ५०० रुपये बँकेनं ग्राहकाला द्यायचे; आणि पोस्टानंच अर्ज पाठवा असा आग्रह धरता येत नाही. ही दोन वाक्यं, तक्रार क्रमांक, आणि ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाईन ही एक ओळ बँकेच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला पाठवली. त्याआधी उरलेले पॉइंट वापरून टाकले होते, आणि या कार्डावर लावलेले आपोआप जाणारे हप्ते नव्या कार्डावर वळवले होते. ही दोन कामं आधी करावीत, कारण बंद झाल्यावर पॉइंट मागत बसायला कुणी दारात उभं करत नाही. बंद झाल्याचा ईमेल आणि फी उलटवल्याची नोंद, दोन्ही मुदतीच्या आत आलं.

दिरांना मात्र अजून इन्फिनियाच हवं आहे. मी त्यांच्या हातात त्यांचा वर्षाचा खातेउतारा आणि दोन हायलायटर दिलेत. हायलायटर शॉपमध्ये जॉबवर खुणा करायला गेलेत म्हणे.