तुरीचा बेवड

ज्या रानात गेल्या वर्षी तूर होती तिथली ज्वारी जोमदार येते, हे मराठवाड्यात कोणत्याही पारावर ऐकायला मिळते आणि 'तुरीचा बेवड' एवढे म्हटले की विषय संपतो. मला मात्र तो तिथून पुढे न्यावासा वाटतो.

१९९० साली 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत नोरिहारू आए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या त्या कामात असे आढळले की तुरीच्या मुळ्यांतून पिसिडिक आम्ल पाझरते, ते लोहाला धरून ठेवते आणि लोहाशी जखडलेला स्फुरद (फॉस्फरस) मोकळा होऊन मुळ्यांना मिळतो. ज्वारी किंवा सोयाबीनला हे तितके साधत नाही.

गावाकडे हे सांगावे, तर चार दिवसांत 'तूर लावा, डीएपी (स्फुरदाचे खत) नको' असे होऊन ते माझ्याचकडे परत येते. मधल्या मध्ये गळून जाते ते नेमके 'लोहाशी जखडलेला' हे विशेषण, आणि माझ्या मते निबंधाचा जीव त्यातच आहे. लाल जमिनीत स्फुरद बराचसा लोहाशी बांधलेला असतो. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तो मुख्यतः कॅल्शियमशी बांधलेला असल्यामुळे तुरीची ही करामत इथे फारशी कामी येत नाही.

"मग आमच्या काळ्या रानात ती करतीय तरी काय?" गावाकडच्या माझ्या काकांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. पावसाळ्यात ओलीवर एखादे झाड खुरप्याने अलगद उकरावे, मुळ्यांवरची गाठ नखाने फोडावी. आत लालसर गुलाबी रंग दिसला, तर रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) झाडाला पुरवत आहेत असे समजावे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या गोतावळ्यातला. पुढे पिवळी पाने गळून ओळींमध्ये थर साचतो, खोल गेलेल्या मुळ्या जागीच कुजतात, आणि त्यांतला नत्र सावकाश मातीत मिसळतो. काकांच्या बेवडाला शास्त्राचा एवढा आधार नक्की आहे.

मात्र नत्राचा मोठा वाटा दाण्यांत जातो आणि पोत्यांत भरून मोंढ्यावर पोहोचतो, त्यामुळे ज्वारीला युरिया मुळीच नको असे मी म्हटले नाही, आणि काकांना ते काही फारसे रुचले नाही.