सी ड्राइव्हमधली हळद

लग्नसराईत परभणीतल्या आमच्या रिपेअरिंगच्या दुकानावर साउंडवाल्यांची वर्दळ असते. त्या दिवशी मानवतकडचे एक मामा जुना सीपीयू मोटारसायकलला दोरीनं बांधून घेऊन आले. मदरबोर्ड कामातून गेलेला. सोबत खोक्यातला नवा लॅपटॉप, आणि उद्या संध्याकाळी हळदीची सुपारी.

"भाऊ, डी मधली सगळी गाणी यात भरून द्या. सी मध्ये काहीच नाही, फॉर्मेट मारून टाका. प्लेलिस्ट पेनड्राइव्हवर हैत."

हार्ड डिस्क काढून यूएसबीच्या केबलनं लावली. गाणी सुखरूप होती. हळद, वरात, पाठवणी, उरुसाच्या कव्वाल्या, एकादशीचे अभंग आणि 14 एप्रिलची भीमगीतं. यातली बरीच भीमगीतं गावोगावच्या गायनपार्ट्यांच्या कॅसेटवरून उतरवलेली. ती कुठल्याही अॅपवर सापडणार नाहीत. त्यामुळं 'ऑनलाइन लावा की' हा सल्ला अशा माणसाला देण्यात अर्थ नसतो.

पेनड्राइव्हवरची हळदीची प्लेलिस्ट उघडली, तर एकही गाणं वाजेना. प्लेलिस्ट म्हणजे तरी काय, साधी मजकुराची फाइल. तिच्यात गाणी नसतात, गाण्यांचे पत्ते असतात. म्हणून ती नोटपॅडमध्ये उघडली. पत्त्यात डी ड्राइव्ह होता, आणि नव्या लॅपटॉपला डी नव्हताच. ते सोपं होतं. खरी भानगड पुढं होती: मामांनी फायलींची नावं मराठीत दिलेली, आणि नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. 'नवरी'ची चार, म्हणजे वेलांटीलासुद्धा वेगळं. ही प्लेलिस्ट एमथ्रीयू या जुन्या प्रकारातली, आणि तसल्या फाइलीत देवनागरीला जागा नसते. जे अक्षर बसत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह पडतं, आणि एकदा पडलं की मूळ अक्षर परत येत नाही. प्रत्येक गाण्याचे सेकंद मात्र वरच्या ओळीत शाबूत होते. सेकंद जुळवून एकेक गाणं ओळखता आलं असतं, पण त्यात रात्र गेली असती.

मामा मटकन स्टुलावर बसले. "गाणी कुणाकडूनबी मिळत्यात हो. पण कशामागं काय लावायचं, ते बसवायला मला किती वर्षं लागली!"

पण हेच मामा जुन्या कॉम्प्युटरवर रोज वाजवत होते, म्हणजे चालणारी यादी कुठं तरी असणारच. ते गाणी वाजवायला विनॅम्प नावाचं सॉफ्टवेअर वापरायचे. विनॅम्प आपल्या लायब्ररीतल्या प्लेलिस्ट स्वतःजवळ ठेवतो, आणि त्या एमथ्रीयू-एट असतात, म्हणजे युनिकोड, सगळ्या लिप्यांची अक्षरं मावणारी पद्धत. मराठी त्यात जशीच्या तशी राहते. जागा मात्र सी ड्राइव्हवर, युजरच्या अॅपडेटा या लपवलेल्या फोल्डरात. ज्या सी मध्ये 'काहीच नाही' तिथंच.

लपवलेले फोल्डर दिसायला लावले, परवानगीच्या चौकटीवर होकार दिला आणि आत शिरलो. फायलींची नावं पाहून कुणाला काही कळलं नसतं. पीएलएफ आणि पुढं काहीबाही अंक-अक्षरं. शेजारी प्लेलिस्ट्स नावाची एक्सएमएल फाइल होती. कुठली फाइल कुठल्या नावाची, तिच्यात किती गाणी, हे त्या एका फाइलीत लिहिलेलं असतं. 'हळद', गाणी 58.

मग डोकं फार चालवलं नाही. पत्ते बदलत बसण्यापेक्षा लॅपटॉपच्या डिस्कमधून जागा काढून डी नावाचं पार्टिशन केलं आणि गाण्यांचे फोल्डर जुन्याच नावानं तिथं ठेवले. विनॅम्प टाकला, बंद केला, आणि प्लेलिस्टचा फोल्डर त्याच्या जागी ठेवून पुन्हा चालू केला. पत्ते आपोआप बसले. मामांनी एकही गाणं पूर्ण ऐकलं नाही. गाण्याचे शेवटचे थोडे सेकंद, पुढच्याची सुरुवात, बस्स. हेडफोन कानाला आणि बोटांनी काउंटरवर ठेका. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "इथं बाया उठतेत बघा नाचायला." एक गाणं लागलं नाही, ते त्यांनीच मागं कधी तरी उडवलेलं निघालं.

जुन्या डिस्कला लग्नसराई सरेपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलं. प्लेलिस्ट नव्यानं, एमथ्रीयू-एट करून, दोन पेनड्राइव्हवर दिल्या. निघता निघता विंडोजचं अपडेट आठवडाभर थांबवून ठेवलं. ऐन हळदीत लॅपटॉप आपलाच रिस्टार्ट व्हायला लागला असता, तर नवरीच्या मामानं आमच्या मामांना धरलं असतं.